लक्ष्मी रस्ता चालणाऱ्यांसाठी मोकळा करायचा, तर आधी बोळ सोडवा

लक्ष्मी रस्ता आपण पुणेकर दरवर्षी बंद करतोच. अनंत चतुर्दशीला मानाचे गणपती मंडईतून निघाले की बेलबाग चौक ते अलका टॉकीज चौक या पट्ट्यात दुसऱ्या दिवसापर्यंत चारचाकी सोडा, सायकलसुद्धा जात नाही. तरी वाड्यावाड्यांत दूध पोचतं, आजारी माणूस दवाखान्यात जातो, पाहुणे येतात आणि जेवूनही जातात. हे सगळं होतं बोळांतून. त्यामुळे ‘पेठेतला रस्ता बंद करणं शक्यच नाही’ असं कोणी म्हणालं की मला हसू येतं. गोम एवढीच, की त्या दिवशी खरेदीला कोणी आलेलं नसतं. आपल्याला दुकानं चालू ठेवून रस्ता बंद करायचाय.

महापालिका २०२१ पासून ११ डिसेंबरला पादचारी दिन साजरा करते. नगरकर तालीम चौक ते गरुड गणपती चौक हा लक्ष्मी रस्त्याचा तुकडा त्या दिवशी गाड्यांना बंद असतो. तो दिवस अनुभवून ‘हे रोज का नाही?’ असा प्रश्न ज्यांना पडला, त्यांच्यासाठी हे लिहितोय. दुकानदारांची संघटना असो, मोहल्ला समिती असो की दोन-चार हौशी रहिवासी, कामाचा क्रम साधारण हाच राहतो.

आधी आमची फजिती सांगतो. पेठेतल्याच एका लहान बाजाररस्त्यावर काही वर्षांपूर्वी आम्ही असा एका दिवसाचा प्रयोग केला. मुख्य रस्त्याच्या दोन्ही तोंडांना बॅरिकेड, रांगोळी, पोरांसाठी खडू, सगळं चोख. साडेअकराला मागच्या बोळात ड्रेस मटेरियलचे गठ्ठे घेऊन आलेला टेम्पो अडकला. त्याच्यामागे रिक्षा, आणि रिक्षात डायलिसिस करून परतणाऱ्या एक आजी. टेम्पोवाला मला म्हणाला, “दादा, माल उतरवू कुठं, डोक्यावर?” आजी काहीच बोलल्या नाहीत. रिक्षातून उतरल्या, माझ्या हाताला धरून दीडशे पावलं चालल्या आणि वाड्याच्या दारात पोचल्यावर म्हणाल्या, “आठवड्यातून तीनदा जाते मी. रोज येशील का?” त्या दिवशी कळलं, की मोठा रस्ता बॅरिकेड लावून दहा मिनिटांत बंद होतो, पण तो बंद राहणार की नाही हे बोळात ठरतं.

तुकडा कोणता निवडायचा

फार लांबचा घेऊ नका. चारशे-पाचशे मीटर पुरे, म्हणजे रमतगमत सहा-सात मिनिटांची चाल. दिल्लीच्या चांदणी चौकात लाल किल्ला ते फतेहपुरी मशीद हा सुमारे १.३ किलोमीटरचा पट्टा २०२१ मध्ये नव्याने बांधून सकाळी ९ ते रात्री ९ मोटारगाड्यांना बंद झाला. काम देखणं झालं, पण एवढ्या लांबीवर रोज लक्ष ठेवायला माणसं लागतात, आणि पहारा ढिला पडला की दुचाक्या परत घुसतात.

दुसरी कसोटी छेदरस्त्यांची. लक्ष्मी रस्ता एकेरी आहे, त्यावरची वाहतूक कॅम्पाच्या बाजूने अलकाकडे जाते. शिवाजी रस्ता आणि बाजीराव रस्ता त्याला छेदतात, आणि ते दोन्ही शहराच्या मुख्य शिरा आहेत. त्यांना हात लावायचा नाही. आपला तुकडा दोन छेदरस्त्यांच्या मधला असावा आणि वळवलेल्या गाड्यांना समांतर वाट असावी.

तिसरी कसोटी गाडीशिवाय येण्याची सोय. २९ सप्टेंबर २०२४ ला जिल्हा न्यायालय ते स्वारगेट हा भुयारी मेट्रोचा टप्पा सुरू झाला आणि कसबा पेठ आणि मंडई ही स्थानकं मिळाली. लक्ष्मी रस्त्यालगतच्या तुळशीबाग बाजारात जायला आता मंडई स्थानकातून वर आलं की काम झालं. दहा वर्षांपूर्वी हीच मागणी करताना आपल्याकडे हे उत्तर नव्हतं.

मोजणी: तीन वह्या आणि चार पोरं

सल्लागार नेमायच्या आधी स्वतः मोजा. कॉलेजची चार पोरं आणि तीन वह्या पुरतात.

पहिल्या वहीत माणसं. एका ठिकाणी उभं राहून पंधरा मिनिटं दोन्ही दिशांनी जाणारे पादचारी मोजायचे आणि चारने गुणायचे, म्हणजे तासाचा आकडा मिळतो. एक कामाचा दिवस, एक शनिवार, आणि दोन्ही दिवशी सकाळी अकरा, दुपारी तीन, संध्याकाळी सात. मग तिथली चालायची मोकळी रुंदी टेपने मोजा. मोकळी म्हणजे विजेचा डीपी बॉक्स, पुतळ्याला नेसवून बाहेर मांडलेली साडी, पायरी आणि उभी स्कूटर वजा करून उरलेली. तासाच्या आकड्याला साठने आणि मग या रुंदीने भागा. मिनिटाला दर मीटर रुंदीमागे तेवीसपर्यंत माणसं जात असतील तर चालणं सुखाचं असतं. पन्नासच्या पुढे गेलं की पुढच्याच्या टाचेवर पाय पडायला लागतो आणि ऐंशीच्या आसपास गर्दी जवळपास थांबते. इंडियन रोड्स काँग्रेसच्या आयआरसी १०३ या मार्गदर्शिकेत बाजाराच्या भागात किमान अडीच मीटर आणि फार वर्दळीच्या ठिकाणी चार मीटर मोकळा पदपथ सांगितलाय. तुमच्या वहीतला आकडा त्याच्याशेजारी ठेवला की पुढचं भाषण करावं लागत नाही.

दुसऱ्या वहीत उभ्या गाड्या. दर अर्ध्या तासाने एक चक्कर मारून प्रत्येक गाडीच्या नंबरचे शेवटचे चार आकडे लिहायचे. संध्याकाळी वही उघडली की दिसतं, सकाळी दहाला लागलेल्या कितीतरी गाड्या रात्री आठला तिथेच आहेत. त्या गिऱ्हाइकांच्या नसतात. दुकानाच्या मालकाच्या आणि नोकरांच्या असतात. ही वही बैठकीत उघडताना जरा जपून, कोणाचा नंबर मोठ्याने वाचायचा नाही. समोर बसलेल्याला आपला नंबर ओळखता येतो.

तिसऱ्या वहीत एकच प्रश्न, पिशवी घेऊन बाहेर पडणाऱ्याला विचारायचा: “इथवर कसे आलात?” त्याच दिवशी दुकानदारांनाही विचारून ठेवा, की तुमच्या मते किती गिऱ्हाइकं गाडीने येतात. दोन उत्तरांत अंतर पडतं. गाडीवाल्यांचा आकडा दुकानदार फुगवून सांगतात, हे बाहेरच्या अनेक शहरांतही दिसून आलंय. त्यात लबाडी नसते. गाडीने आलेलं गिऱ्हाईक पार्किंगवरून कुरकुर करतं म्हणून लक्षात राहतं, बसने आलेलं गुपचूप ब्लाउजपीस घेऊन जातं.

बोळांचा नकाशा

हे काम कंटाळवाणं आहे आणि सगळ्यात महत्त्वाचं आहे. मोठ्या कागदावर तुकडा काढा आणि त्याला येऊन मिळणारं प्रत्येक तोंड दाखवा. बोळ, वाड्याचा दिंडीदरवाजा, दोन इमारतींमधली फट, सगळं. कागदावर सहा वाटतात, पायी फिरलात की अकरा निघतात. प्रत्येक तोंडाशी पाच गोष्टी लिहा: रुंदी किती, आत किती घरं, आतून दुसरीकडे बाहेर पडता येतं का, आत कोणाची गाडी उभी राहते, आणि आत कोणी अंथरुणाला खिळलेलं किंवा रोज दवाखान्यात जाणारं आहे का.

मग बोळांची तीन गटांत विभागणी होते. आरपार जाणाऱ्या बोळांचा मार्ग मागच्या रस्त्याने ठेवायचा, तिथे काही अडत नाही. ज्यांचं एकच तोंड आपल्या रस्त्यावर उघडतं, त्यांना मोकळ्या केलेल्या रस्त्यावरून सावकाश आत यायची परवानगी द्यावीच लागते. वाड्यातल्या माणसाला त्याच्याच घरी जाताना अडवून कुठलीही योजना टिकलेली नाही. त्यांच्या गाड्यांना रंगीत स्टिकर, वेग चालणाऱ्याइतका, हॉर्न नाही. तिसरा गट दुचाकीएवढ्या फटींचा. तिथून दिवसभर स्कूटर सुळकन निघतात आणि आपली सगळी मेहनत पाण्यात जाते.

दुचाकीबद्दल एक कडू गोष्ट आत्ताच सांगून टाकतो. खांब रोवून ती अडत नाही. व्हीलचेअर सहज जायची तर दोन खांबांत किमान नव्वद सेंटिमीटर जागा हवी, सोयीची १.२ मीटर. स्कूटरचं हँडल असतं साधारण सत्तर सेंटिमीटर. म्हणजे व्हीलचेअर जिथून जाते तिथून स्कूटर जातेच. नागमोडी लोखंडी अडथळे लावून स्कूटर अडवणारे बहाद्दर मी पाहिलेत, त्यात शेवटी बाबागाडीवाली आई अडकते. यावर माणूस उभा करणं आणि दंड, हे दोनच उपाय चालतात.

माल आणि गाड्या

लक्ष्मी रस्त्यावर माल रोज येतो. कापडाचे गठ्ठे, भांडी, लग्नसराईत तर रात्री दहालाही टेम्पो. सकाळी साडेनऊपर्यंत टेम्पोला मुभा द्या. दुसरी खिडकी कुठली, याचं उत्तर पुण्यात तयार आहे. दुपारी एक ते चार या वेळेची बाकी महाराष्ट्र चेष्टा करतो, पण मोजणीच्या वहीत ती पोकळी खरंच दिसली, तर दोन ते साडेतीन छोट्या टेम्पोला आत सोडायला हरकत नाही. इतर वेळी माल तुकड्याबाहेर ठरवून दिलेल्या जागी उतरेल आणि तिथून हातगाडीने येईल. ती जागा पांढऱ्या पट्ट्यांनी आखा आणि हमालांना विचारून ठरवा. हातगाडीला कुठला चढ जड जातो आणि कुठल्या चेंबरच्या झाकणात चाक अडकतं, हे त्यांच्याइतकं कोणाला ठाऊक नसतं. हमालीचा वाढीव खर्च कोण देणार, हे पहिल्याच बैठकीत स्पष्ट करा. नाहीतर तो भांडणाचा पहिला मुद्दा होतो.

पार्किंगचं थोडक्यात. मंडईजवळचे सतीश मिसाळ आणि बाबू गेनू वाहनतळ, नारायण पेठेतला हमालवाडा, हे चालत पोचण्याच्या अंतरावर आहेत. तिथे कुठल्या वेळी किती जागा रिकामी राहते, ते आठवडाभर लिहून काढा. दुकानातल्या नोकरांसाठी मासिक पास मिळवून द्या, कारण रस्त्यावरच्या दिवसभराच्या गाड्या हलल्या की निम्मं घोडं गंगेत न्हातं. शेजारच्या रस्त्यांवर सम-विषम तारखांना बाजू बदलून गाड्या लावायचा पी-१, पी-२ चा खेळ चालू असेल तर तो काटेकोर पाळला जाईल हे बघा. आपल्या रस्त्यावरून हटलेली दुचाकी हवेत विरत नाही, ती मागच्या बोळात कोणाच्या तरी दारात लागते आणि आपल्या योजनेला पहिला शत्रू तयार होतो. पैसे देऊन पार्किंग करण्याचं धोरण महापालिकेने २०१८ मध्ये मंजूर केलं, पण ते रस्त्यावर उतरवणं अवघड गेलं. माझ्या मते ते पेठेत सुरू व्हावं आणि जमलेला पैसा त्याच रस्त्याच्या राखणदारीला लागावा.

कोणाशी, कोणत्या क्रमाने बोलायचं

आधी वाड्यांत जा, मग पथारीवाल्यांकडे, दुकानदारांकडे सगळ्यात शेवटी. लोक हे उलटं करतात. दुकानदारांची संघटना बोलकी असते, तिची पत्रकं निघतात, म्हणून पहिली बैठक तिच्याशी होते. मग वाड्यातल्या माणसाला वाटतं, सगळं आपल्या पाठीमागे ठरलं.

पथारीवाल्यांना ‘सौंदर्यीकरणा’च्या नावाखाली हटवायचा मोह होईल. तो टाळा, कायद्यानेही आणि अकलेनेही. २०१४ च्या पथविक्रेता कायद्यानुसार सर्वेक्षण होऊन प्रमाणपत्रं वाटली जाईपर्यंत विक्रेत्याला उठवता येत नाही. आयुक्तांच्या अध्यक्षतेखालच्या नगर पथविक्रेता समितीत चाळीस टक्के सदस्य विक्रेत्यांमधून निवडलेले असतात आणि त्यांत एकतृतीयांश स्त्रिया असाव्या लागतात. जागा त्या समितीतून आखून घ्या. शिवाय तुळशीबागेत माणूस कशासाठी येतो? कानातलं, पिना, रांगोळीचे छाप, पोळपाट. तो आला की मग मोठ्या दुकानात शिरतो. पथारी दुकानाच्या काचेसमोर लागली की भांडण होतं, म्हणून पाठीला पाठ लावून मधल्या पट्ट्यात किंवा बोळाच्या तोंडापासून चार पावलं सोडून जागा द्या.

दुकानदारांच्या बैठकीत ‘धंदा बसेल’ हे वाक्य पहिल्या पाच मिनिटांत येतं. कोपनहेगनमध्ये १९६२ मध्ये स्ट्रॉएट हा बाजाररस्ता बंद करतानाही व्यापाऱ्यांचा विरोध होता. तिथे तो आधी प्रयोग म्हणून बंद झाला आणि १९६४ मध्ये कायम झाला. ब्राझीलच्या कुरितिबा शहरात महापौर जेमी लर्नर यांनी १९७२ मध्ये मुख्य बाजारपेठ शनिवार-रविवारच्या सुट्टीत, विरोधकांना कोर्टात जायला वेळ मिळायच्या आत, बदलून टाकली. ही गोष्ट सांगून टाळ्या मिळतात. मला विचाराल तर पेठेत हा मार्ग नको. आपल्याकडे सोमवारी सकाळी मोर्चा निघतो आणि मंगळवारी सगळं पूर्ववत होतं. कॅम्पातल्या महात्मा गांधी रस्त्यावरचा वॉकिंग प्लाझा जुन्या पुणेकरांना आठवत असेल. लोक हौसेने यायचे, तरी तो टिकला नाही.

व्यापाऱ्यांना एक खरी भीती असते, ती क्वचित बोलली जाते: रस्ता चांगला झाला की भाडी वाढतात. पागडीवरचे जुने भाडेकरू त्यातल्या त्यात सुरक्षित असतात, पण अकरा महिन्यांच्या करारावरच्या लहान दुकानदाराला याचा फटका बसू शकतो. हे नाकारू नका.

कागदपत्रं

वाहतूक वळवण्याचा आदेश वाहतूक शाखेचे पोलिस उपायुक्त काढतात, मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ११५ आणि त्यापुढच्या कलमांखाली. एक महिन्यापर्यंतच्या निर्बंधाला राजपत्रात अधिसूचना लागत नाही, स्थानिक प्रसिद्धी पुरते. प्रयोगासाठी हे कलम वरदान आहे. अर्जासोबत बोळांचा नकाशा, मोजणीच्या वह्यांचा गोषवारा, माल उतरवायच्या वेळा आणि वळवलेल्या मार्गाचा आराखडा जोडा. हरकती आणि सूचना मागवल्या जातात, त्यांची उत्तरं एकेक करून लेखी द्या. प्रत महापालिकेच्या पथ विभागाला, अतिक्रमण विभागाला, शहर बस चालवणाऱ्या पीएमपीला आणि अग्निशमन दलाला. रस्ता कायमचा करायचा झाला तर महापालिकेच्या सभेची मंजुरी आणि अंदाजपत्रकात तरतूद, दोन्ही लागतं. पुण्याने २०१६ मध्येच पादचारी धोरण स्वीकारलंय, त्याचा हवाला द्यायला विसरू नका.

एक दिवस, मग एक महिना

पहिला दिवस सणाचा नसावा, साधा शनिवार घ्या. स्टेज आणि स्पीकर नकोत. स्टेज उभं राहिलं की त्यामागची चार दुकानं दिसेनाशी होतात आणि चालायला मोकळा केलेला रस्ता बसायला भरतो. बोळाच्या प्रत्येक तोंडाशी एक माणूस, आणि त्याला जेवायला सोडणारा दुसरा. आमच्या एका फटीतली राखण दुपारी दीडला पिठलं-भाकरी खायला गेली आणि तेवढ्यात बावीस दुचाक्या आत आल्या. स्वयंसेवकाने गाडी अडवायची नाही, हात जोडून वाट दाखवायची. अडवायचा अधिकार पोलिसांचा. पाणी, स्वच्छतागृह आणि टेकायला जागा, या तीन सोयी बघा. बाजारात आलेल्या बाईला दोन तासांत या तिन्हींची गरज पडते.

अग्निशमन बंब प्रत्यक्ष फिरवून घ्या. चार ते साडेचार मीटरचा सरळ, अखंड पट्टा कायम मोकळा हवा आणि वर लोंबणाऱ्या वायरी, फलक पाच मीटरच्या आत नकोत. बंबाचा चालक दहा मिनिटांत जे दाखवतो ते आराखड्यात महिनाभर दिसत नाही.

डिसेंबरमधल्या यशावर जाऊ नका. पादचारी दिन थंडीत येतो, म्हणून सगळ्यांना चालावंसं वाटतं. लक्ष्मी रस्ता साधारण पूर्व-पश्चिम आहे, हिवाळ्यात दक्षिणेकडच्या इमारतींची सावली रस्त्यावर पडते. मेच्या मध्यावर पुण्यात दुपारी सूर्य थेट डोक्यावर असतो, तेव्हा कुठल्याच बाजूला सावली नसते. म्हणून महिन्याचा प्रयोग एप्रिल-मेमध्येच घ्या आणि दुपारी किती माणसं टिकतात ते मोजा. कापडाच्या छतांची गरज तेव्हाच कळेल. या महिन्यात रोज एक वही: पादचारी, बोळात लागलेल्या परक्या गाड्या, टेम्पोची वेळ चुकलेली प्रकरणं, आणि रुग्णवाहिका आलीच तर दारापर्यंत पोचायला लागलेली मिनिटं. विक्रीचे आकडे दुकानदार देणार नाहीत. पावतीपुस्तकं किती संपली एवढं विचारा, ते सांगतात.

फरशी बसवताना

महिना निभला तरच फरशी. आधी जमिनीखालचं आटपा: ड्रेनेज, पाणी, वीज, गॅस, केबल. सगळ्यांना डक्ट, म्हणजे जमिनीखालची बंदिस्त वाहिनी द्या, नाहीतर उद्घाटनाच्या तिसऱ्या महिन्यात कोणीतरी खोदणार आणि पेव्हर ब्लॉकच्या जागी डांबराचं ठिगळ लावून जाणार. रस्ता आणि पदपथ एका पातळीत घ्या. पाण्यासाठी पन्नासात एक उतार, जाळीदार पन्हळ दुकानाच्या पायरीपासून लांब. ग्रॅनाइट वापरायचा तर गुळगुळीत नको, फ्लेम फिनिशचा, म्हणजे ज्वाळेने खरखरीत केलेला. पहिल्या पावसात पॉलिश केलेल्या दगडावर किती पुणेकर आडवे होतात ते बघायची हौस नको. अंधांसाठीच्या उंचवट्यांच्या पट्ट्या सरळ न्या, खांबाला नेऊन भिडवू नका.

शेवटचं गणपतीचं. मांडवाच्या खांबांसाठी फरशीत झाकणवाल्या कायमच्या खोबण्या ठेवा, म्हणजे दरवर्षी पहार घालून फरशी फुटणार नाही. दिवे, झाडं, बाकं मधोमध बसवण्याआधी मंडळांना बोलावून सगळ्यात रुंद आणि उंच रथाची मापं घ्या. तोंडाशी खांब बसवाल ते काढता येणारे हवेत, आणि त्यांच्या किल्ल्या तीन: एक अग्निशमन केंद्रात, एक पोलिस चौकीत, एक रस्त्यावरच राहणाऱ्या कोणाकडे तरी. आमच्या प्रयोगात एकच किल्ली होती, आणि ती ज्याच्याकडे होती तो ठेकेदाराचा माणूस गौरीला गावी गेला होता.